ज्याचा पैसा, त्याचा फोटो?

धाराशिव शहरात फोटोग्राफरची सुगी उन्हाळ्यात येते. गुढीपाडवा झाला की लग्नतिथ्यांना जोर चढतो आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत श्वास घ्यायला सवड नसते. दुकानाचं वर्षाचं भाडं, कॅमेऱ्याचे हप्ते, पोरांची शाळा, सगळं या अडीच-तीन महिन्यांच्या कमाईवर चालतं. मीही याच शहरात हा धंदा करते. २०२३ मध्ये जिल्ह्याचं उस्मानाबाद हे नाव जाऊन धाराशिव झालं, पाट्या बदलल्या. धंद्याचे रिवाज मात्र जुनेच राहिले. त्यातल्या एका रिवाजाशी माझं भांडण आहे. तो असा : ज्याचा पैसा, त्याचा फोटो.

ऐकायला हा साधा व्यवहार वाटतो. तो बाईच्या आयुष्यात काय करतो ते पाहू.

लग्नसराईतला आमचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. रात्री चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या, रिकामी केलेली मेमरी कार्डं, दोन कॅमेरे, लाइटचे स्टँड, सगळं गाडीत घालायचं आणि भूम, परंडा, उमरगा, जिकडची ऑर्डर असेल तिकडं निघायचं. सात वाजता हळद. पत्रिकेवर मुहूर्त बारा पस्तीसचा असतो. पण परण्या निघतो, मारुतीच्या देवळापुढे पोरं नाचत राहतात आणि अक्षता पडायला दोन वाजतात. बेचाळीस अंशांच्या उन्हात नवरी सकाळपासून उपाशी, अंगावर जड शालू, कपाळाला मुंडावळ्या. तिला पाणी हवं का हे कुणी विचारत नाही. 'जरा हसा' हे मात्र आम्ही तिला दिवसातून शंभरदा सांगतो. एका लग्नात दीड-दोन हजार फोटो सहज निघतात. निम्म्याहून जास्त फोटोंत ती असते. तिचे मेंदीचे हात, गळ्यातले दागिने, तिची सप्तपदी, पाठवणीच्या वेळचं तिचं रडणं. हे सारं विकून आमचं घर चालतं.

आणि ऑर्डर द्यायला कोण येतं? नवरदेवाचा भाऊ, नाही तर नवरीचा बाप किंवा चुलता. करिझ्मा अल्बम किती पानांचा, ड्रोन लावायचा का, प्री-वेडिंग नळदुर्गच्या किल्ल्यात करायचं की धाराशिवच्या लेण्यांकडं, हे ते ठरवतात. पावती त्यांच्या नावाची फाडली जाते. नवरीच्या बापानं कर्ज काढून पैसे भरलेले असले तरी अल्बम आणि पेनड्राइव्ह जातात सासरच्या कपाटात. पावतीवर नवरीचं नाव घाला म्हणणारं गिऱ्हाईक मला अजून भेटलेलं नाही.

दोन-चार वर्षांनी तीच मुलगी दुकानाची पायरी चढते. वर्षाला एक-दोघी तरी येतात. बरोबर आई, कडेवर लेकरू. आवाज खाली घेऊन विचारते, "ताई, माझ्या लग्नाचे फोटो राहिलेत का हो तुमच्याकडं?" मग हळूहळू कळतं. घरातून हाकललं आहे. नवऱ्यानं दुसरी आणली आहे. किंवा हिच्याशी आपलं लग्नच झालं नव्हतं, असं तो आता म्हणतो आहे. वकिलानं पुरावा मागितला आहे, आणि पुरावा सासरच्या कपाटात, कुलूपबंद.

महिला केंद्रात बसणाऱ्या मैत्रिणींना हे मी सांगायला नको. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं तर तो गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड विधानाच्या ४९४ कलमाखाली, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ८२ कलमाखाली. पण कायदा पुस्तकात असतो आणि पुरावा बाईला गोळा करावा लागतो. भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा १९६५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवा. दुसरं लग्न आवश्यक त्या विधींसह झाल्याचं सिद्ध झालं नाही, म्हणून आरोपी सुटले. २०२४ मध्येही त्याच न्यायालयानं एका प्रकरणात म्हटलं की, हिंदू विवाहाला विधी हवेत, ते झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्रानं लग्न होत नाही. मग विधी झाले हे बाईनं कशानं दाखवायचं? भटजी साक्षीला यायला कचरतो. भावकी फितूर होते. सप्तपदीचा फोटो मात्र आपली साक्ष फिरवत नाही. स्त्रीधनाचं तेच. "एवढं सोनं आम्ही घातलंच नव्हतं" असं सासर म्हणतं, तेव्हा गळ्यातली बोरमाळ आणि हातातले गोठ फोटोत दिसत असतात.

अशा वेळी ती फोटो मागते आणि काउंटरवरून उत्तर येतं, "पार्टीला विचारावं लागेल." पार्टी म्हणजे कोण? ज्यानं पैसे दिले तो. ज्याच्याविरुद्ध ती उभी आहे त्याचीच परवानगी तिनं आणायची!

माझे व्यवसायबंधू यावर कायदा दाखवतील. तोही पाहू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमात म्हटलं आहे की, मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतला, तर त्या फोटोच्या हक्काचा पहिला मालक तो मोबदला देणारा. म्हणजे आमचा रिवाज कायद्यानंच उचलून धरलेला आहे. ज्या समाजात बहुतेक बायकांच्या हातात स्वतःचा पैसा नाही, तिथं असा कायदा दिसायला सर्वांना सारखा आणि वागायला पुरुषाचा असतो. पण त्याच कलमात एक सोयीची जागा आहे. तसा उलट करार झालेला नसेल तरच, असं तिथं म्हटलं आहे. करार करायला वकील लागत नाही. पावतीच्या खाली एक ओळ छापली तरी पुरे. ती आपण का छापत नाही?

आता दुसरी गोष्ट, जिच्याबद्दल आमच्या धंद्यात कुणी मोठ्यानं बोलत नाही. आपल्या आणि बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचलही त्याच हिशेबानं मिळते. कारखान्याचा पट्टा पडला की माणसं गावी परततात आणि उन्हाळ्यात पोरींची लग्नं लावतात, कारण पुढच्या हंगामाला नवा कोयता लागतो आणि वयात आलेली पोर एकटी गावी ठेवायची भीती वाटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झाल्याचं आढळलं. शेजारच्या बीडमध्ये हे प्रमाण जवळपास ४४ टक्के आणि परभणीत ४८ टक्के होतं.

या लग्नांत फोटोग्राफर नसतो का? असतो. पत्रिका छापत नाहीत, मंगल कार्यालय घेत नाहीत, पण फोटो हवाच असतो. फक्त आधी बजावलेलं असतं, "मोबाइलवर कुठं टाकायचा नाही." लेन्समधून चेहरा जवळ येतो. समोरची मुलगी पंधराची आहे की एकोणीसची, हे कळायला दाखला लागत नाही. तरी आम्ही म्हणतो, आमचं काम फोटो काढायचं, वय विचारायचं नाही.

२००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात बालविवाह लावणाऱ्याला आणि त्याला साहाय्य करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. साहाय्य या शब्दात फोटोग्राफर बसतो की नाही, यावर वकील वाद घालोत. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास प्रशासन जी आवाहनं काढतं, त्यांत भटजी, मंगल कार्यालय, पत्रिका छापणारे, बँडवाले यांच्याबरोबर फोटोग्राफरचंही नाव असतं. याच कायद्यानं त्या मुलीला आणखी एक हक्क दिला आहे. सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत तिला ते लग्न रद्द करून मागता येतं. त्या दिवशी तिच्या उपयोगाचा पुरावा कुठला? आमचीच फाईल. आजच्या कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोबरोबर तारीख आणि वेळ नोंदलेली असते. आणि ज्याचा पैसा त्याचा फोटो म्हटलं, की तो पैसेवाला सांगेल त्या दिवशी ती फाईल पुसली जाणार.

म्हणून मी म्हणते की, हा रिवाज साधा नाही. बाईचं वय, तिचं लग्न, तिचं सोनं, या तिन्हींचा पुरावा आमच्या हातांतून जातो आणि तिच्या हाती तो पडू नये अशी व्यवस्था आम्हीच चालवतो.

आता कुणी म्हणेल, पैसा ज्याचा त्याची वस्तू, यात बाई-पुरुष कुठून आले? मग पैसा बाईचा असतो तेव्हा काय होतं तेही पाहा. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' दादासाहेब फाळक्यांनी काढला. भांडवल उभं करताना सरस्वतीबाई फाळक्यांचे दागिने गेले. रसायनं कालवणं, फिल्मला भोकं पाडणं आणि वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, हेही त्यांनीच केलं. पैसा तिचा, कष्ट तिचे, नाव एकट्या फाळक्यांचं. होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. मुंबईत काढलेले त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या, माणेकशॉ यांच्या नावानं छापले गेले. त्यांना पद्मविभूषण मिळालं २०११ मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी.

आमच्या शहरातलं चित्र फार निराळं नाही. कितीतरी स्टुडिओंत नवरा मांडवात असतो आणि बायको दुकानाच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे. व्हिडिओचं मिक्सिंग ती करते, अल्बमची पानं ती लावते, पासपोर्ट साइझचं गिऱ्हाईक ती सांभाळते, आणि संध्याकाळी चूलही तीच पेटवते. पाटीवर प्रोप्रायटर म्हणून नाव त्याचं. विचारलं तर तीच म्हणते, "मी काय, मदत करते नुसती." मैत्रिणींनो, शेतात राबणारी बाईही हेच म्हणते ना?

कॅमेरा घेऊन बाहेर पडणाऱ्या बाईला बोलावतात तेही कशासाठी? हळदीला आणि नवरीच्या खोलीत, कारण तिथं पुरुष नको. स्टेजवर अक्षता पडताना पुन्हा पुरुष पुढे आणि मी कोपऱ्यात. हे नवं नाही. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्याच राज्यात राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादला खास जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईच्या हाती दिला, पडद्यातल्या बायकांचे फोटो काढता यावेत म्हणून. बाईच्या हाती कॅमेरा दिला, तो पडदा टिकवायला. एकशे तीस वर्षांनंतरही आम्हांला काम मिळतं ते बरंचसं त्याच कारणानं, आणि मजुरी पुरुषापेक्षा कमी.

माझ्या व्यवसायबंधूंची एक अडचण खरी आहे. एकट्यानं वयाचा दाखला मागितला, तर ऑर्डर पलीकडच्या दुकानात जाते. तीन महिन्यांवर वर्ष काढणाऱ्याला हे परवडत नाही, मलाही परवडत नाही. म्हणूनच हे एकट्यानं करायचं काम नाही. तालुक्या-तालुक्यांत फोटोग्राफरांच्या संघटना आहेत. त्या दर ठरवायला बसतात, जागतिक छायाचित्रण दिनाला कॅमेऱ्याची पूजा करतात. त्याच बैठकीत तीन ठराव करायला काय हरकत आहे?

एक, लग्नाच्या प्रत्येक पावतीवर नवरीचं नाव असेल आणि खाली छापलेलं असेल : 'या ऑर्डरमधील सर्व फोटोंची प्रत वधूला तिच्या मागणीनुसार, इतर कोणाच्याही परवानगीविना देण्यात येईल.' दोन, ऑर्डर घेताना दोघांच्याही वयाचा दाखला पाहिला जाईल. तो नसेल तर ऑर्डर नाही, आणि गरज पडली तर ग्रामसेवकाला किंवा १०९८ ला फोन. तीन, दुकानात राबणाऱ्या बाईचं नाव पाटीवर आणि हिशेबात, आणि सारख्या कामाला सारखी मजुरी.

आणि आपल्या संघटनांनाही एक सांगायचं आहे. आपण मोर्चे काढले, कायदे बदलून घेतले, पण लग्नाच्या फोटोंची एक प्रत स्वतःजवळ किंवा माहेरी ठेव, हे किती मुलींना सांगितलं? किशोरींच्या शिबिरात हे सांगायला दहा मिनिटं लागतात. केंद्रात आलेल्या बाईला पहिल्या दिवशीच विचारा, फोटो कुणी काढले होते? त्या दुकानात तिच्याबरोबर जा. दोघी-तिघी बरोबर असल्या की 'पार्टीला विचारावं लागेल' हे उत्तर बदलतं, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूनं पाहिलेलं आहे.

तुळशीचं लग्न लागलं की तिथ्या पुन्हा सुरू होतील. पावतीपुस्तकं पावसाळ्यातच छापायला टाकतात. ती ओळ घालायची तर आत्ताच घालायला हवी. आपापल्या गावातल्या स्टुडिओत जाऊन विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते आम्हांला जरूर कळवा.