दादरला नाव हवेच, पण जिनाही हवा!

सहा डिसेंबर जवळ आला की दरवर्षी दोन आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, "आता दादरला पाय ठेवायला जागा उरणार नाही." दुसरा आवाज आपला असतो, "दादर स्टेशनला चैत्यभूमी नाव द्या." पहिल्या आवाजात तुच्छता आहे, तिला उत्तर दिलेच पाहिजे. दुसऱ्या मागणीत न्याय आहे, तिला बळ दिलेच पाहिजे. पण या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडतो. दादर स्टेशनची रचना कोणाला डोळ्यासमोर ठेवून झाली आणि त्या रचनेत आपला माणूस कुठे उभा राहतो?

आधी इतिहास पाहू. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, ती जी.आय.पी. कंपनीची. 1867 मध्ये विरारहून मुंबईला उपनगरी गाडी आली, ती बी.बी.अँड सी.आय. कंपनीची. दोन्ही इंग्रजांच्या खाजगी कंपन्या. दोघींचे रूळ दादरला शेजारी शेजारी आले, पण कारभार वेगळाच राहिला. देश स्वतंत्र झाला, 5 नोव्हेंबर 1951 रोजी मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे अस्तित्वात आल्या, तरी दादरची ही फाळणी मिटली नाही. एकाच नावाच्या स्टेशनात दोन वेगळे 'एक नंबर' प्लॅटफॉर्म होते! "एक नंबरवर थांब" असे सांगितले, तर कोणत्या एक नंबरवर? रोजच्या मुंबईकराला ते पाठ असते. नांदेडहून पहिल्यांदा आलेल्या आजीला नसते.

हा घोळ मिटायला 72 वर्षे लागली. 9 डिसेंबर 2023 पासून सलग क्रमांक आले. पश्चिम रेल्वेचे 1 ते 7, मध्य रेल्वेचे 8 ते 14. तारीख पाहिलीत? लाखो भीमअनुयायी अभिवादन करून परत गेले आणि तीन दिवसांनी पाट्या बदलल्या. यामागे कोणाचा कट होता असे मी म्हणत नाही. रोजचा प्रवासी रेल्वेच्या डोळ्यासमोर होता, दरवर्षी ठरलेल्या दिवशी येणारा नव्हता, एवढेच म्हणतो. आणि मुद्दा नेमका तोच आहे.

आता भूगोल बघा. स्टेशनच्या पूर्वेला हिंदू कॉलनीत राजगृह आहे. बाबासाहेबांनी 1930 च्या दशकात आपल्या ग्रंथांसाठी बांधलेले घर. पश्चिमेला शिवाजी पार्कपलीकडे समुद्रकाठी चैत्यभूमी आहे. 7 डिसेंबर 1956 रोजी तिथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. या दोन्हींच्या मध्ये स्टेशन. विदर्भातून, मराठवाड्यातून, खानदेशातून येणाऱ्या गाड्या मध्य रेल्वेच्या, म्हणजे पूर्वेकडच्या प्लॅटफॉर्मवर थांबतात. चैत्यभूमी पश्चिमेला. म्हणजे रात्रभर जनरल डब्यात उभ्याने आलेल्या माणसाला, डोक्यावर पिशवी आणि कडेवर लेकरू घेऊन, आधी जिना चढायचा, दोन्ही रेल्वेंचे रूळ पुलावरून ओलांडायचे, मग जिना उतरायचा. सरकते जिने आहेत, लिफ्ट आहेत, पण ऑफिसच्या वेळेच्या गर्दीलाच ते पुरत नाहीत, तिथे सहा डिसेंबरची काय कथा?

स्टेशन आणि आपला समाज यांचे नाते जुने आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये बाबासाहेबांनी 1901 सालची मसूर स्टेशनची हकीकत लिहिली आहे. वडिलांना भेटायला निघालेली चांगल्या कपड्यांतली मुले गाडीतून उतरली. तोवर सगळे ठीक होते. आपण महार आहोत हे सांगताच स्टेशनमास्तर मागे सरकला. दुप्पट भाडे देऊनही बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. 1929 मध्ये चाळीसगावला हेच घडले. टांगेवाल्यांनी नकार दिला, टांगा हाकण्याची सवय नसलेल्या माणसाला हाकावा लागला आणि अपघातात बाबासाहेब जखमी झाले. दोन्ही वेळा तिकीट होते, गाडीत जागा होती. अडवणूक झाली ती गाडीतून उतरल्यावर. तिकिटाची समता स्टेशनच्या दारात संपली.

आज कोणी जात विचारून मागे सरकत नाही. आज "फुकटे आले" असे म्हणतात. या लोकांना विचारले पाहिजे, पंढरीच्या वारीला आणि कुंभमेळ्याला शासन आधीपासून आराखडे करते, निधी देते, ते योग्यच आहे. मग सहा डिसेंबरची गर्दी दरवर्षी 'अचानक' कशी येते? ती तारीख 1956 पासून बदललेली नाही. आणि हे लोक येतात कशासाठी? अभिवादन करतात आणि पुस्तके विकत घेऊन जातात. मजुरीच्या पैशातून ग्रंथ घेणाऱ्या माणसाला फुकटा म्हणणाऱ्याने आधी आपले कपाट तपासावे.

आता आपल्या मागणीकडे वळू. दादरला चैत्यभूमी नाव मिळाले पाहिजे, यात दुमत नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी ज्यांनी घरे जळताना पाहिली, रक्त सांडले, त्यांच्या वारसांना नावाचे मोल शिकवायची गरज नाही. पण शेजारच्या स्टेशनचा धडा विसरू नका. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसे गेली. त्यानंतर लष्कराला बोलावले आणि पाच महिन्यांत नवा पूल उभा राहिला. म्हणजे पूल बांधता येत होता! जुलै 2018 मध्ये त्याच स्टेशनचे नाव प्रभादेवी झाले. नाव बदलायला एक अधिसूचना लागते. पूल बांधायला पैसा, जागा आणि इच्छा लागते. सत्ताधाऱ्यांना यातले कोणते काम सोपे वाटते, हे ओळखायला हुशारी लागत नाही. उद्या ते आपल्याला पाटी देतील, हार घालून फोटो काढतील आणि पुलावरची रेटारेटी तशीच ठेवतील.

म्हणून नावाच्या मागणीसोबत आणखी चार मागण्या जोडा. एक, मध्य रेल्वेच्या प्लॅटफॉर्मवरून थेट पश्चिमेला नेणारा रुंद पूल, उताराचा, म्हणजे म्हाताऱ्यांना आणि अपंगांना जिना चढावा लागणार नाही. दोन, स्टेशनलगत कायमचे प्रतीक्षालय, पुरेशी शौचालये आणि पिण्याचे पाणी. स्त्रियांसाठी हा मुद्दा सर्वात आधीचा आहे. तीन, राजगृह आणि चैत्यभूमीकडे नेणाऱ्या ठळक पाट्या, वर्षभर, प्रत्येक पुलावर. चार, दोन्ही रेल्वे आणि महापालिका यांनी मिळून सहा डिसेंबरचा गर्दी नियोजन आराखडा महिनाभर आधी जाहीर करावा.

कार्यकर्त्यांनी सहा डिसेंबरची वाट पाहू नये. माहिती अधिकारात अर्ज टाका, पुलांची रुंदी आणि क्षमता मागा, खर्चाचा हिशोब मागा. निवेदन देताना नकाशा सोबत जोडा. भावनेला आकड्यांची जोड देणे ही बाबासाहेबांचीच पद्धत आहे.

आपल्या मराठीत दादर म्हणजे जिना. स्टेशनवर चैत्यभूमी ही अक्षरे झळकतील तो दिवस आपण साजरा करूच. पण त्या पाटीखालून आपली आजी धक्का न खाता, सन्मानाने चालत बाहेर पडली पाहिजे. त्याशिवाय आपला लढा पूर्ण झाला असे म्हणता येणार नाही.

जय भीम!