पास्कलची फिर्याद

इंग्रजी ग्रंथांवर वाढलेल्या आमच्या सुशिक्षित वर्गांत ‘कॅझुइस्ट्री’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. कोणी सोयीसाठीं तत्त्व वांकविलें, कीं ‘ही जेझुइटी कोटी’ असें म्हणून आपण मोकळे होतों. हा निकाल ज्या फिर्यादीवर झाला ती फिर्याद पास्कलची. प्रतिवादीचें म्हणणें आपण ऐकलेंच नाहीं. तें नुसतें ऐकावें एवढीच आमची विनंती नाहीं. तें पुष्कळ अंशीं खरें होतें, असें आम्ही म्हणतों.

पास्कलनें जानेवारी १६५६ ते मार्च १६५७ या अवधींत टोपणनांवानें १८ पत्रें प्रसिद्ध केलीं. पहिल्या कांहीं पत्रांत एक भोळा पृच्छक आणि त्याहूनही भोळा जेझुइट पाद्री यांचे संवाद आहेत. पाद्रीबोवा मोठ्या अभिमानानें आपल्या पंथाचे ग्रंथ उघडतात आणि पानापानांतून पापाला पळवाट निघते. आम्हीही तीं वाचतांना हंसलों आहों. स्पेनमधील एस्कोबार या जेझुइटाच्या नांवाचें तर फ्रेंच भाषेंत शब्दच्छलाचें क्रियापद झालें! रोमनें १६५७ सालींच पत्रांवर बंदी घातली. पण हंशाला बंदी कोण घालणार?

परंतु ज्या मताची ही थट्टा, तें मुळांत होतें काय? १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेनें प्रत्येक जाणत्या ख्रिस्ती माणसानें वर्षांतून निदान एकदां पापनिवेदन केलेंच पाहिजे, असा नियम केला. तेव्हांपासून खेड्यापाड्यांतील धर्मगुरूंपुढें व्याजबट्ट्याचे, करारांचे, उपासतापासांचे खरेखुरे प्रसंग निवाड्यासाठीं येऊं लागले. नियम स्पष्ट असेल तेथें प्रश्नच नाहीं. पण शास्त्रवेत्त्यांतच मतभेद असेल तर? सालामांका येथील बार्तोलोमे दे मेदिना यानें १५७७ सालीं उत्तर दिलें: एखादें मत ‘प्रोबॅबिलिस’ असेल, तर विरुद्ध मत अधिक बळकट असलें तरी त्या मतानें वागण्यांत पाप नाहीं. (हा मेदिना डोमिनिकन होता, जेझुइट नव्हे. उलट १६८७ त जेझुइटांचा प्रमुख झालेला तिर्सो गोंथालेथ या मताचा कट्टर वैरी होता!) आणि ‘प्रोबॅबिलिस’ म्हणजे ‘कदाचित् खरें’ असें नव्हे, शहाण्या माणसांनीं मानलेलें व चांगल्या युक्तिवादावर टिकणारें, म्हणजे आपल्या भाषेंत ‘ग्राह्य’. इंग्रजी ‘प्रॉबेबल’वरून अर्थ लावणारांची फसगत येथूनच सुरू होते.

समजा, उपासाच्या दिवशीं नांगर धरून थकलेला मजूर रात्रीं पोटभर जेवला. इतक्या श्रमानें उपासाची सूट मिळते कीं नाहीं, याविषयीं विद्वानांत दोन पक्ष आहेत. समोरचा धर्मगुरु कडक पक्षाचा आहे. मेदिनाच्या अनुयायांनीं त्या धर्मगुरूला बजावलें, कीं तुझें मत हा ईश्वराचा कायदा नव्हे. ग्राह्य मताच्या आधारें वागलेल्या माणसाला क्षमा नाकारण्याचा तुला अधिकार नाहीं. पास्कलच्या पांचव्या पत्रांतही थकून उपास चुकविणारा एक मनुष्य आहे. पण तो थकला आहे एका मुलीचा पाठलाग करून! लंपटाला पुढें उभें केल्यावर मजूर कोणाला दिसणार?

मेदिनाच्या मागून आलेल्यांनीं मात्र अनर्थ केला, हें आम्ही लपवीत नाहीं. एकाही पंडितानें लिहिलें म्हणजे मत ग्राह्य झालें, अशी मजल गेली, आणि एका मोहोरेच्या रक्षणासाठीं चोराला ठार मारतां येतें असेंही लिहिलें गेलें. पोप अकरावा इनोसंट यानें १६७९ सालीं असल्या ६५ विधानांचा निषेध केला, तो योग्यच केला. येथवरची हकीकत आमचे लेखक आवडीनें सांगतात. पण १६९० सालीं पोप आठवा अलेक्झांडर यानें उलट बाजूच्या एका विधानाचाही निषेध केला: ग्राह्य मतांपैकीं अत्यंत ग्राह्य मतानेंही वागूं नये, असें तें विधान. ही गोष्ट सांगतांना लेखणी कां अडखळते?

संशय आला कीं कडक बाजू धरावी, तींत धोका नाहीं, असें सज्जन लोक म्हणतात. धोका नाहीं, पण कोणाला? स्वतः उपास करणाऱ्याचा कडकपणा आम्हांस वंद्य आहे; दुसऱ्याच्या पोटावर केलेला कडकपणा नव्हे. नेपल्सचा आल्फोन्सस लिगोरी वकिली सोडून धर्मगुरु झाला आणि त्यानें या वादांत कोर्टांतलाच न्याय आणला. कडक मत स्पष्टपणें बळकट असेल तर तेंच पाळावें. दोन्ही पक्ष समतोल असतील तर ज्याचा ताबा त्याची बाजू वरचढ, आणि कायदा सिद्ध होईपर्यंत ताबा माणसाच्या स्वातंत्र्याचा. पास्कलच्या मित्रमंडळींना शिथिल वाटली असती अशा या माणसाला रोमनें १८७१ सालीं धर्माचार्याची पदवी दिली.

अमेरिकेंत १९७४ ते १९७८ या काळांत माणसांवरील वैद्यकीय प्रयोगांचे नियम ठरविण्यासाठीं एक सरकारी आयोग बसला होता. त्याच्या कामांत असलेल्या जॉन्सेन व टूलमिन या दोघांना एक नवल दिसलें. प्रत्यक्ष प्रसंगावर सभासदांचें बहुधा एकमत होई; तत्त्वांची चर्चा निघाली कीं मात्र फाटे फुटत. मग त्यांनीं या जुन्या विद्येचा इतिहास लिहिला. १९८८ सालीं निघालेल्या त्या ग्रंथाचें नांव ‘कॅझुइस्ट्रीचा दुरुपयोग’. आणि पास्कलनें ठोकलें तें या दुरुपयोगालाच, हें त्यांनीं पानोपानीं दाखविलें आहे.