गोळ्यांना उपवास घडवू नका

स्टेंट बसवलेल्या प्रत्येकाला आणि त्याच्या घरच्यांना कळकळीची विनंती

आषाढी एकादशी तोंडावर आली आहे. दिंड्या वाटेवर आहेत. एकादशीला चातुर्मास लागेल. मग श्रावणी सोमवार, संकष्ट्या, नवरात्राचे नऊ दिवस. याच दिवसांत अँजिओप्लास्टी झालेली कितीतरी माणसं ‘आज पोटात काही नाही, गोळी उद्या घेऊ’ म्हणतात आणि घरात कुणाला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून हे आवाहन आज करतो आहे. एकादशी उलटल्यावर त्याचा उपयोग नाही.

आपल्या घरात, भावकीत, गल्लीत, दिंडीत कुणाच्या हृदयात स्टेंट असेल, तर त्याला एवढं सांगा : ज्या डॉक्टरांनी स्टेंट बसवला, त्यांना विचारल्याशिवाय रक्त पातळ ठेवणारी गोळी एक दिवसही बंद करायची नाही.

मी डॉक्टर नाही. एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो, आता निवृत्त आहे. हे सांगण्याचा माझा अधिकार एवढाच, की माझ्या हृदयाच्या रक्तवाहिनीत एक स्टेंट आहे आणि हा मूर्खपणा मी स्वतः केलेला आहे.

गेल्या माघात जिना चढताना छातीवर पाटा ठेवल्यासारखं व्हायचं. पित्त समजून महिनाभर सोडा प्यालो. शेवटी मुलीने ओढून नेलं, अँजिओग्राफी झाली, एक ब्लॉकेज निघालं. उजव्या मनगटातून बारीक तार आत घातली. मी पूर्ण जागा होतो. फुगा फुगवला तेव्हा तोच पाटा क्षणभर छातीवर आला आणि लगेच उतरला. पाऊण तासात सगळं आटोपलं. मनगटाला घट्ट पट्टा बांधला, भरपूर पाणी प्यायला लावलं आणि तिसऱ्या दिवशी घरी सोडलं.

बघायला येणारे टाके शोधायचे. मनगटावर डास चावल्याएवढी खूण. ‘एवढंच?’ म्हणायचे. मलाही तसंच वाटू लागलं. बायपास झालेल्या माणसाला रोज आंघोळीच्या वेळी छातीवरचा व्रण दिसतो आणि आजार आठवतो. आमच्याकडे व्रण नाही. आठवण करून देणारी वस्तू एकच, गोळ्यांचा डबा. आणि आम्ही आधी टाळतो तोच.

ज्येष्ठात दाढ दुखू लागली. शेजारचे म्हणाले, ‘रक्त थांबायचं नाही हो, आधी गोळ्या बंद करा.’ मी तीन दिवस बंद केल्या, वर आपण किती शहाणे म्हणून खूशही झालो. दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, ‘स्टेंट कधी बसवला? गोळ्या कुणी बंद केल्या?’ माझं उत्तर ऐकून त्यांनी पक्कड खाली ठेवली आणि थेट हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. तिकडून जे ऐकायला मिळालं ते इथे छापण्यासारखं नाही. गोळ्या त्याच मिनिटाला सुरू झाल्या. आठ दिवसांनी गोळ्या चालू असतानाच दाढ काढली. टाका घातला, कापूस जरा जास्त वेळ दाबून धरावा लागला. बस्स.

माझं नशीब चांगलं होतं. पुढच्या तपासणीला बाकावर शेजारी बसलेल्या शेतकऱ्याचं नव्हतं. दिवाळीत त्याचा स्टेंट बसला, संक्रांतीला त्याने गोळ्या सोडल्या आणि पंधरवड्यात स्टेंटमध्येच गुठळी होऊन दुसरा झटका आला. जीव वाचला, पण हृदयाचा जोर कमी झाला. आता दहा पावलं चालला की थांबतो. मी विचारलं, पैशांची अडचण होती का? म्हणाला, ‘नाही. बरं वाटत होतं.’

बरं वाटत होतं ते गोळीमुळे, हे त्याला कुणी समजावलं नव्हतं. ते समजून घेऊ.

1977 साली झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुन्ट्झिग या डॉक्टरांनी जागत्या माणसाच्या हृदयाची रक्तवाहिनी पहिल्यांदा फुग्याने उघडली. पण नुसत्या फुग्याने उघडलेली वाहिनी कधी कधी पुन्हा मिटायची. म्हणून 1986 मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये धातूची जाळी आत बसवली गेली. ती स्टेंट. विहीर ढासळू नये म्हणून आतून कडं बांधतात, तसं हे काम. वाहिनी उघडी राहिली, पण नवं संकट आलं. जाळी शरीराला परकी, तिच्यावर रक्त गोठायला बघतं. नव्वदच्या दशकात अॅस्पिरिन आणि तिच्या जोडीला दुसरी गोळी अशी जोडगोळी ठरली, तेव्हा कुठे स्टेंट भरवशाचा झाला. म्हणजे जाळी हा अर्धाच उपचार आहे. उरलेला अर्धा रोज आपल्या हातात असतो.

जाळीवर शरीराचं स्वतःचं अस्तर चढायला महिने लागतात. तोवर ती उघडी असते. पहिला महिना सर्वांत धोक्याचा. अटॅक येऊन स्टेंट बसला असेल तर दोन्ही गोळ्या साधारण वर्षभर असतात. अटॅक न येता ठरवून बसवला असेल तर साधारण सहा महिने. कुणाला रक्तस्रावाची भीती असेल तर डॉक्टर हा काळ कमी करतात. पुढे एक गोळी बहुधा कायमची. हा हिशेब डॉक्टरांनी करायचा. शेजाऱ्यांनी नाही आणि आपणही नाही.

तेव्हा पुढच्या गोष्टी लक्षात ठेवा.

1. उपवास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मधुमेह असेल तर नक्कीच. पण गोळीचा उपवास नाही. औषधाने व्रत मोडत नाही, हे आपल्या शास्त्रातच सांगितलेलं आहे. रिकाम्या पोटी जळजळत असेल तर वेळ बदलून घ्या, फराळानंतर घ्या.

2. वारीला, लग्नाला, गावाला जाताना गोळ्या दोन ठिकाणी ठेवा : अर्ध्या पिशवीत, अर्ध्या कनवटीला. चार दिवसांच्या जास्त घ्या. पावसात भिजणार नाहीत अशा डबीत ठेवा.

3. एखादी वेळ चुकली तर आठवताच घ्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर तेवढीच घ्या. चुकलेली भरून काढायला दोन घेऊ नका.

4. अनेकांच्या दोन-तीन गोळ्या एकाच कॅप्सूलमध्ये असतात. ‘एकच तर आहे’ म्हणून ती सोडली की सगळंच सुटतं.

5. दात काढणं, मोतीबिंदू, एंडोस्कोपी, कुठलंही ऑपरेशन असो, पहिलं वाक्य हेच : ‘मला स्टेंट आहे.’ रुग्णालयाने दिलेलं स्टेंटचं कार्ड पाकिटात ठेवा, मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा.

6. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांपैकी टिकाग्रेलॉर या गोळीने काहींना दम लागल्यासारखं होतं. काहींना अंगावर निळे डाग उठतात. कंटाळून गोळी सोडू नका, डॉक्टरांना सांगा. बदलता येते. मात्र शौचाला डांबरासारखं काळं झालं, उलटीत रक्त दिसलं किंवा रक्त थांबेना, तर त्याच घटकेला दवाखाना गाठा.

7. कंबर धरली, गुडघा दुखला म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी आणून घेऊ नका. अशा बऱ्याच गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

8. लसूण, आलं, लिंबू आणि व्हिनेगरचा ‘ब्लॉकेज उघडणारा’ काढा सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतो आहे. चटणी म्हणून लसूण खुशाल खा. गोळीच्या जागी काढा चालत नाही.

9. तंबाखू, मिश्री, विडी बंद. एका हाताने गोळी आणि दुसऱ्या हाताने चुना मळणं, याला उपचार म्हणत नाहीत.

पैशांमुळे गोळी थांबत असेल तर लाजू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी होते. पण पुढच्या महिन्यामागून महिन्याच्या गोळ्या अनेकांना खिशातूनच घ्याव्या लागतात. जन औषधी केंद्रात त्याच औषधाची स्वस्त गोळी मिळू शकते. चिठ्ठी दाखवून विचारा.

औषध दुकानदारांना विनंती : या गोळ्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक महिना उलटूनही आलं नाही, तर एक फोन करा. दिंडीप्रमुखांना विनंती : मुक्कामाला हरिपाठ झाला की ‘गोळी घेतली का रे?’ एवढं एकदा मोठ्याने विचारा. लेकी-सुनांना, मुलांना विनंती : ‘बाबा, बरं आहे ना?’ असं विचारू नका. बाबा ‘बरं आहे’च म्हणणार. डबा उघडा आणि गोळ्या मोजा.

आणि छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, विनाकारण घाम, दम असं काही झालं, तर ओवा-सोडा करत बसू नका. 108 ला फोन करा. बायकांना आणि मधुमेह्यांना छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. नुसती मळमळ आणि गळून गेल्यासारखं वाटणं, कधी कधी लक्षण एवढंच असतं.

या एकादशीला मी घरीच आहे. पहाटे आंघोळ करून, विठ्ठलाला हात जोडून तांब्याभर पाणी पिईन. त्याच पाण्याच्या पहिल्या घोटाबरोबर गोळी घेईन. तुम्हीही घ्या.

— एक स्टेंटवाला