बूस्टर बदलायचा की काढून टाकायचा?

गेल्या उन्हाळ्यात रत्नागिरीकडच्या आमच्या मामांच्या अंगणात एक वाद चांगलाच रंगला होता. वादाचं कारण होतं मामांची जुनी डिझेल जीप.

मामा आंब्याच्या पेट्या घेऊन कोल्हापूरला जातात. त्या दिवशी पेट्या पोचवून ते रिकामी गाडी घेऊन आंबा घाट उतरत होते. (घाटाचं नावही आंबाच, बरं का!) शेजारी त्यांची नववीतली नात बसली होती. वळणामागून वळणं, पुढे ट्रक, त्यामुळे सारखा ब्रेक. आणि एका वळणावर ब्रेकचं पॅडल एकाएकी दगडासारखं कडक झालं! एरवी पाय ठेवताच दबणारं पॅडल हलेना. मामांनी सगळा भार देऊन ते दाबलं, गाडी खालच्या गिअरमध्ये घेतली आणि डोंगराच्या बाजूला कशीबशी थांबवली. पाच मिनिटांनी पाहतात तर पॅडल पुन्हा मऊ! जणू काही घडलंच नव्हतं.

दोन महिन्यांत असं तिसऱ्यांदा झालं होतं. घरी येताच मामांनी जाहीर केलं, "हा बूस्टर काढूनच टाकतो. माझ्या पहिल्या जीपला कुठे होता? काही अडलं नाही!"

आता हा बूस्टर म्हणजे काय, ते आधी पाहू. बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या पुढे पत्र्याचा एक गोल काळा डबा दिसतो. तोच ब्रेक बूस्टर. त्याच्या आत मधोमध एक रबरी पडदा असतो. पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा काढून घेतलेली असते. आपण पॅडल दाबलं की मागच्या बाजूला बाहेरची हवा शिरते. पुढे हवा जवळजवळ नाही, मागे आहे. मग ती पडद्याला पुढे ढकलते.

हवा कितीशी ढकलणार, असं वाटलं ना? चला, गणित करू. पडद्याची त्रिज्या १० सेंटिमीटर धरा. क्षेत्रफळ झालं ३१४ चौरस सेंटिमीटर. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ०.७ किलो दाब धरला, तरी एकूण जोर सुमारे २२० किलो! सिमेंटच्या चार पोत्यांहून जास्त. हा जोर आपल्या पायाच्या मदतीला येतो. बेल्जियमचे अभियंते अल्बर्ट देवांद्र यांनी १९२०च्या दशकात अशा ब्रेकची रचना केली आणि जर्मनीतल्या बॉश कंपनीनं तो बाजारात आणला.

पेट्रोल इंजिन हवा आत ओढतं, तेव्हा ही पोकळी आपोआप मिळते. डिझेल इंजिनात तशी मिळत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. इंजिन बंद झालं की पोकळीही मिळायची थांबते. साठलेल्या पोकळीवर एकदोनदा ब्रेक मऊ लागतो, मग पॅडल कडक! म्हणूनच उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करणं म्हणजे जिवाशी खेळ.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. मामांचा बेत ऐकून ते हसले. "काका, तुमच्या पहिल्या जीपला चारही चाकांना ड्रम होते. ड्रममध्ये फिरतं चाकच ब्रेकशूला आणखी घट्ट ओढतं. हिला पुढे डिस्क आहेत. डिस्कला तशी मदत नाही, सगळा जोर बाहेरूनच द्यावा लागतो. शिवाय हिचं पॅडल आणि मास्टर सिलिंडर बूस्टर आहे असं धरूनच बेतलेले आहेत. बूस्टर काढलात तर तुम्ही कसेबसे दाबाल. पण मामींचं काय?"

मामी गाडी चालवतात, हे मामा रागाच्या भरात विसरलेच होते!

"मग जुन्या बाजारातून मोठ्या गाडीचा बूस्टर आणू," मामा म्हणाले.

"त्याचा दांडा थोडा जरी लांब निघाला, तरी ब्रेक पुरता सुटणार नाही. चाकं तापतील. आणि त्यातला रबर किती जुना, कोण सांगणार? आधी दुखणं शोधू. मग औषध."

मिस्त्रींनी इंजिन दोन मिनिटं चालवून बंद केलं. पाच मिनिटं थांबून पॅडल दाबलं. चांगल्या गाडीत पहिल्या एकदोन वेळा ते मऊ लागतं. इथे पहिल्यांदाच दगड! म्हणजे पोकळी टिकत नव्हती. पंपाला मीटर लावला, पंप ठणठणीत. पाइप आणि हवा परत जाऊ न देणारा व्हॉल्व्ह नवा बसवला, तरी तेच. इंजिन चालू करून पॅडल दाबून धरलं, तर पायाजवळ बारीक 'स्स्स' ऐकू येत होतं. म्हणजे बूस्टरमधला पडदाच फाटलेला! भोक लहान होतं, म्हणून एरवी पंप भरपाई करायचा. घाटात सारखा ब्रेक लागला की त्याची दमछाक व्हायची.

"झालं तर! नवा बूस्टर आणा," मामा उठले.

तेवढ्यात नात गाडीची वही घेऊन आली. डिझेल, हवा, ऑइल, सगळं ती त्यात टिपून ठेवते. "आबा, चार महिने आपण ब्रेक ऑइल सारखं भरतोय. पण गाडीखाली डाग एकदाही नाही. मग ऑइल जातं कुठे?"

मिस्त्रींनी चमकून तिच्याकडे पाहिलं. मास्टर सिलिंडर बूस्टरपासून सोडवला, तर त्याची मागची बाजू ओली! सील गेलं होतं. ऑइल गुपचूप बूस्टरमध्ये उतरत होतं आणि त्यानंच पडद्याचं रबर सडवलं होतं.

"बाय, तू नसतीस तर नवा बूस्टरही वर्षभरात गेला असता," मिस्त्री म्हणाले.

मामांनी त्याच मापाचा नवा बूस्टर आणि नवा मास्टर सिलिंडर, दोन्ही घेतलं. आंब्याचे बरेच पैसे गेले. मामा पुटपुटले, पण नातीकडे बघून गप्प झाले. त्या वळणावर तीही गाडीत होती ना!

मला यातून एक गोष्ट पटली. कधी येणारा आणि कधी न येणारा मदतनीस फार धोक्याचा, कारण आपण त्याच्यावर विसंबून असतो. पण त्याला हाकलण्याआधी तो आजारी का पडला, हे शोधायला हवं.

करून पाहा : बिनसुईची प्लॅस्टिकची सिरिंज घ्या. दट्ट्या पूर्ण आत ढकला, टोक बोटानं घट्ट बंद करा आणि दट्ट्या मागे ओढून सोडा. तो झटकन आत जाईल. त्याला कोणी ढकललं? बूस्टरचा पडदा ज्यानं ढकलला, त्यानंच!

आणि हो, तुमच्या घरच्या गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी तपासलं होतं? आज घरी विचारा. वही नसेल, तर एक घालाच.