बंदी सुरू होण्याआधी घरातल्या श्वासाच्या मशीनचंही बघा

नाखवा, तांडेल, खलाशी बंधूंनो आणि घरच्या आया-बहिणींनो,

बंदी लागली की आपण होड्या शाकारतो, इंजिन खोलतो, जाळी दुरुस्त करतो. ज्या घरात सीओपीडीचा रुग्ण आहे तिथे आणखी एक काम आहे, आणि ते राहून जातं.

सीओपीडीला आपल्याकडे सरसकट ‘दमा’ म्हणतात, पण हा वेगळा आजार. विडी-सिगारेट हे मोठं कारण, पण चुलीचा धूरही तितकाच नडतो. विडीला कधी हात न लावलेल्या आपल्या कितीतरी म्हाताऱ्या बायका चार पावलं चालून धापा टाकतात, त्या उगाच नाही.

आजार वाढला की काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळी डोकं जड, दिवसा गुंगी. अशा रुग्णाला डॉक्टर रात्री बायपॅप लावायला सांगतात. मास्कमधून मशीन श्वास आत घ्यायला जोर देते, सोडताना दाब कमी करते. आणि आपण काय म्हणतो? ‘मशीन लागली, म्हणजे संपलंच.’ नाहीतर ‘सवय लागेल.’ मग मशीन पलंगाखाली जाते. आमचं स्पष्ट मत आहे, हा वेडेपणा आहे. जर्मनीत 2014 साली अशाच रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घरी मशीन वापरणाऱ्यांत वर्षभरात शंभरातले 12 गेले, न वापरणाऱ्यांत 33.

दुसरी चूक उलटी. दम लागला की घरचे ऑक्सिजनची चावी पूर्ण सोडतात. या आजारात जास्त ऑक्सिजननेही कार्बन डायऑक्साइड वाढून माणूस बेशुद्ध होऊ शकतो. बोटाला लावायच्या यंत्रावर साधारण 88 ते 92 आकडा पुरतो. 98 चा हट्ट नको. किती लिटर ते डॉक्टर ठरवतील, शेजारी नाही. आणि ऑक्सिजनजवळ चूल नको, विडी तर नकोच.

आता विजेचं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि रायगड-रत्नागिरीत कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. ज्यांच्या घरी कॉन्सन्ट्रेटर होता त्यांनी काय करायचं? तो साधारण 300 वॅट खातो, घरचा इन्व्हर्टर तीन-चार तासांत बसतो. बायपॅपला वीज बरीच कमी लागते, पण लागते.

बंदीत आपल्या होड्यांच्या बॅटऱ्या, जनरेटर किनाऱ्यावर नुसते पडलेले असतात. सोसायटीने मशीन असलेल्या घरांची यादी करावी, कोणाचा जनरेटर कोणत्या घरी जाईल हे मे महिन्यातच ठरवावं, आणि प्रत्येक घरी भरलेला एक सिलेंडर राखीव आहे ना ते पाहावं. जोडणी वायरमनकडूनच. जनरेटर घराबाहेर, खिडकीपासून लांब, नाहीतर त्याचाच धूर जीव घेईल.

ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांनी सोसायटीच्या ऑफिसात नाव द्या. लाजू नका. इंजिन बिघडलं की सांगतोच ना आपण?