पांघरूण वरून, थंडी खालून

थंडी पडली की पुण्यात दोन गोष्टी हमखास होतात. शिवाजीनगरचा पारा किती घसरला, याच्या चौकटी वृत्तपत्रांत झळकतात आणि एखादी रात्र गच्चीवर, शेतावर किंवा परसात उघड्यावर काढण्याची हौस अनेकांना सुचते. अलीकडे या हौसेत दोन झाडांना बांधायच्या कापडी झुल्याची भर पडली आहे. उन्हाळ्यात हा झुला सुखाचा. पण डिसेंबर-जानेवारीत, वारा सुटलेला असताना त्यात झोपलेला माणूस पहाटे कुडकुडत घरात येतो आणि सांगतो, ‘‘अंगावर दोन ब्लँकेटं होती, पण पाठ गारठली.’’ ही तक्रार शास्त्राच्या दृष्टीने अगदी नेमकी आहे. तिचा धागा धरून निघालो, तर तो कसबा पेठेतल्या वाड्यांच्या परसापासून रस्त्याकडेला झोपणाऱ्यांच्या पाठीपर्यंत जाऊन पोहोचतो.

कोणतेही पांघरूण स्वतः ऊब निर्माण करत नाही. ऊब शरीराची असते. पांघरूण फक्त धाग्यांच्या फटीत हवा अडवून धरते आणि ही अडवलेली, स्थिर हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. झुल्यात झोपल्यावर पाठीखालचे ब्लँकेट शरीराच्या वजनाने दाबले जाते, त्यातली हवा निघून जाते आणि उरते ते नुसते कापड. त्याखालून वारा मोकळा वाहत असतो. अंगाजवळ तापलेली हवा तो सतत पळवून नेतो आणि तिच्या जागी गार हवा आणून ठेवतो. म्हणून वरून कितीही पांघरले, तरी पाठ गारच राहते. विणलेल्या बाजेवर झोपणाऱ्यांना हे पूर्वीपासून ठाऊक होते. उन्हाळ्यात बाज उघडी चालते, थंडीत मात्र तिच्यावर जाड गोधडी किंवा वाकळ अंथरावी लागते. मेंढपाळाच्या खांद्यावरची घोंगडी याच शास्त्रावर चालते. लोकरीचे धागे कुरळे आणि ताठ असल्याने ते दाबले गेले तरी काही हवा धरून ठेवतात, आणि दवाने थोडे ओलसर झाले तरी पूर्ण निकामी होत नाहीत.

वाऱ्याचा हा परिणाम मोजताही येतो. 2001 पासून वापरात असलेल्या सूत्रानुसार हवेचे तापमान 10 अंश सेल्सिअस असेल आणि वारा ताशी 20 किलोमीटर वेगाने वाहत असेल, तर उघड्या चेहऱ्याला थंडी सुमारे 7 अंशांइतकी जाणवते. पुण्यात हिवाळ्यातल्या बहुतेक रात्री वारा पडलेला असतो, हे खरे. पण अशा निवांत रात्रीची थंडी दुसऱ्या वाटेने येते. निरभ्र, कोरड्या आकाशाखाली जमीन, छत आणि झोपलेला माणूसही आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडत राहतो. त्यामुळे उघड्या गच्चीपेक्षा झाडाखाली किंवा ओसरीच्या छपराखाली कमी थंडी वाजते. कसब्यातल्या दाट वस्तीत दगड-विटांच्या भिंती दिवसाची ऊब रात्री हळूहळू परत देतात. शहराबाहेरच्या मोकळ्या माळावर ही सोय नसते. ज्याला कसब्याच्या परसात एक रात्र सोसवली, त्याला तीच रात्र सिंहगडाच्या पायथ्याशी सोसवेलच असे नाही.

येथे शिवाजीनगरच्या आकड्याबद्दलही थोडे सांगायला हवे. 1928 मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आले. जुने पुणेकर त्या इमारतीला अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. याच शहरात 17 जानेवारी 1935 रोजी 1.7 अंश सेल्सिअस इतक्या नीचांकी तापमानाची नोंद झाली. एरवी जानेवारीत रात्रीचे सरासरी किमान तापमान 11 अंशांच्या आसपास असते. पण तापमापक असतो जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, वारा आणि आकाश या दोन्हींपासून आडोशाला. तो हवेचे तापमान सांगतो. त्या हवेत उघड्यावर पडलेल्या माणसाचे काय होते, हे तो सांगत नाही.

झोपेत तर शरीर अधिकच उघडे पडते. झोप लागताना हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्वचेतून उष्णता बाहेर पडते आणि शरीराचे आतले तापमान घसरू लागते. ही घसरण झोपेसाठी आवश्यकच असते. पाय गरम असले की झोप लवकर लागते, हे 1999 मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथील संशोधकांनी दाखवले होते. झोक्याचा गुणही खोटा नाही. 2011 मध्ये जिनिव्हातील संशोधकांनी 12 पुरुषांना दुपारच्या 45 मिनिटांच्या झोपेसाठी हळू झुलणाऱ्या पलंगावर झोपवले, तेव्हा त्यांना स्थिर पलंगापेक्षा लवकर झोप लागली. पण हे प्रयोग उबदार खोलीत झाले होते. आतले तापमान पहाटेच्या सुमारास सर्वांत खाली असते आणि बाहेरची हवाही सूर्योदयाच्या आसपासच सर्वाधिक गार असते. शिवाय ज्या टप्प्यात स्वप्ने पडतात, त्या झोपेत कुडकुडण्याची क्रिया जवळजवळ थांबते. निरोगी तरुण माणूस थंडीने जागा होऊन घरात जातो. पण वृद्धांना थंडीची जाणीव उशिरा होते, झोपेची गोळी घेतलेल्याला जाग येत नाही आणि दारू प्यायलेल्याला तर उलट गरम वाटत असते. दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. माणसाला ऊब आल्याचा भास होतो आणि प्रत्यक्षात आतली उष्णता अधिक वेगाने बाहेर जाते.

शरीराचे आतले तापमान 35 अंशांच्या खाली गेले की वैद्यकाच्या भाषेत तो ‘हायपोथर्मिया’, म्हणजे शीताघात. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. ओले कपडे, वारा, उपाशी पोट आणि थकवा एकत्र आले, तर 10 अंशांतही तो होऊ शकतो. जीभ जड होणे, हात धड न चालणे, बोलण्यात असंबद्धता येणे ही त्याची लक्षणे आहेत आणि ती दारूच्या नशेसारखीच दिसतात. म्हणून ‘प्यायलाय’ म्हणून लोक पुढे निघून जातात. सर्वांत वाईट खूण म्हणजे कुडकुडणे थांबणे. अशा माणसाला आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे पांघरूण द्यावे आणि तेही पाठीखाली आधी. शुद्धीवर असेल तर गरम, गोड पेय द्यावे. हातपाय चोळू नयेत, दारू देऊ नये आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

घरातल्या एका झुल्याकडेही या निमित्ताने पाहायला हवे. तो म्हणजे जुन्या साडीची झोळी. झोळीतल्या तान्ह्या बाळाच्या पाठीखाली एक पातळ कापड असते आणि त्याखाली वाहती हवा. नवजात बाळाला नीट कुडकुडताही येत नाही आणि वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ खूप मोठे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे बाळाचे तापमान 36.5 ते 37.5 अंश असावे. ते त्याखाली गेले, तर बाळ थंड पडू लागले असे समजावे. थंडीत झोळी उघड्या पडवीत किंवा दाराच्या झोतात बांधू नये. बाळ झोपले की त्याला सपाट, टणक अंथरुणावर उताणे ठेवावे. ऊब देताना तोंडावर गोधडी येणार नाही, हेही पाहावे. बंद खोलीत शेगडी पेटवून ऊब आणण्याचा उपाय मात्र कोणीच करू नये. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेले कुटुंब उठतच नाही, अशा बातम्या दर हिवाळ्यात वाचायला मिळतात.

आता राहिले ते, ज्यांच्यापुढे घरात परत जाण्याचा पर्याय नाही. परसातल्या झुल्यातून पहाटे उठून आत येणाऱ्याला दार उघडे असते. पुलाखाली, दुकानाच्या पायरीवर, हातगाडीवर झोपणाऱ्याला ते नसते. त्याच्या पाठीखाली वारा नसला तरी फरशी असते आणि दगड स्थिर हवेच्या पन्नास पटींहून अधिक वेगाने उष्णता ओढून घेतो. हिवाळ्यात अनेक मंडळे आणि संस्था रात्री फिरून ब्लँकेटे वाटतात. हे काम मोलाचे आहे. पण त्या ब्लँकेटासोबत एक जाड सतरंजी, फोमची चटई किंवा निदान पुठ्ठ्याचे दोन-तीन थर दिले, तर त्याच खर्चात त्याचा उपयोग कितीतरी वाढेल. नुसते पांघरूण म्हणजे निम्मे काम, हा झुल्याने शिकवलेला धडा येथे लागू पडतो.

दान हे अर्थात धोरणाची जागा घेऊ शकत नाही. 2010 मध्ये दिल्लीतल्या थंडीच्या बळींनंतर सर्वोच्च न्यायालयाने बेघरांच्या निवाऱ्याचा प्रश्न हाती घेतला. मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे 100 जणांची सोय असलेला एक कायमचा निवारा असावा, हा निकष तेव्हापासून मान्य आहे. 2011 च्या जनगणनेत पुण्याची लोकसंख्या 31 लाखांवर होती. म्हणजे तेव्हाच्या हिशेबानेही 31 निवारे हवेत आणि त्यानंतर शहर बरेच वाढले आहे. केवळ इमारत असूनही भागत नाही. ती लोक काम करतात त्या पेठांपासून चालत जाण्याइतकी जवळ हवी. तेथे कुटुंबाला एकत्र राहता यावे, हातगाडी सुरक्षित ठेवता यावी आणि ओळखपत्र नसले म्हणून कोणाला दारातून परत पाठवू नये. नाहीतर रिकामे निवारे आणि भरलेले पदपथ हे विसंगत चित्र कायम राहील.

ज्या शहरात देशाच्या हवामानाच्या नोंदी दशकानुदशके होत आल्या, तेथे पारा 10 अंशांखाली जाणार हे दोन-तीन दिवस आधी कळते. तो अंदाज आला की महापालिकेने निवाऱ्यांची दारे रात्रभर उघडी ठेवावीत, फिरती पथके पहाटेपर्यंत रस्त्यावर ठेवावीत आणि कोण कुठे झोपते याची यादी हिवाळ्यापूर्वीच तयार असावी. हौसेने झुल्यात झोपणाऱ्यांनी पाठीखाली जाड काहीतरी घालावे आणि खुशाल आकाश पाहावे. पण पाठ गारठून जाग आली, तर घरात परतताना शेजारच्या पदपथावरच्या पाठीचीही आठवण ठेवावी.