आडोसा आणि भिंत

ताटीचे अभंग वर्गात शिकवताना दरवर्षी एक अडचण येते. अभंगांचा आशय विद्यार्थ्यांना कळतो, मुक्ताबाईचे वय सांगितले की वर्ग थोडा गंभीरही होतो. पण ताटी म्हणजे नेमके काय, असे विचारले तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कडी लावलेले लाकडी दार येते. ताटी म्हणजे कामट्यांची किंवा काटक्यांची विणलेली झापड, हे मी सांगते. तिच्यातून उजेडाच्या रेघा आत येतात, आतल्याची सावली बाहेर दिसते आणि दोन्ही बाजूंचे बोलणे सहज ऐकू येते. हे कळल्यावर अभंगांचा सगळा प्रसंगच बदलतो. परंपरा सांगते की लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव स्वतःला आत बंद करून बसले आणि धाकट्या बहिणीने बाहेर उभे राहून त्यांची समजूत काढली. तिथे दगडी भिंत असती तर हे अभंग म्हणण्यात काही अर्थच उरला नसता. ज्ञानदेवांनी स्वतःला दृष्टीआड केले होते, आवाजाआड नव्हे.

हा फरक मला पुस्तकातून कळलेला नाही. तो कळला वाटूरच्या आमच्या घराच्या परसात, एका साध्या कौटुंबिक वादातून. म्हणून तो वाद येथे थोडा तपशिलाने सांगते.

जालन्याहून मंठ्याकडे जाताना परतूरचा रस्ता जिथे फुटतो तो वाटूर फाटा. रस्ते सुधारले, वस्ती वाढली, तशी गावातही मातीच्या माळवदांच्या जागी सिमेंटची घरे उभी राहिली. आमच्या माहेरच्या घरामागे दोन जुने कडुनिंब, एक गावरान आंबा आणि कोपऱ्यात चिंच आहे. भर उन्हाळ्यातही तिथे उन्हाचे कवडसेच तेवढे पडतात. धुण्याचा दगड, उघडी न्हाणी, वाळवणाची बाज, सारे तिथेच. शेजारच्या घराकडून पूर्वी तुराट्यांचा कूड होता आणि त्यामागे पांढऱ्या मातीची पडकी भिंत. शेजाऱ्यांनी नवे घर बांधले तेव्हा दोन्ही गेले. नवे जोते चांगले उंच झाले आणि त्यांचा मागचा ओटा थेट आमच्या परसावर आला. वरच्या मजल्याची आम्हाला भीती नव्हती, कारण झाडांचे शेंडे तिथवर दाट आहेत. उघडा पडला होता तो शेंड्यांच्या खालचा आणि जमिनीच्या वरचा पट्टा, म्हणजे खोडाखोडांमधून आरपार दिसणारा माणूसभर उंचीचा भाग. बाई वावरते ती नेमकी तेवढ्यातच.

भावाचे म्हणणे सरळ होते. सात फुटांची विटांची भिंत घालायची आणि विषय संपवायचा. वहिनीचा त्याला पाठिंबा होता आणि तो मला समजण्यासारखा होता. गवंडी येऊन माप घेऊन गेला आणि जाताना म्हणाला की पाया खोदला तर आंब्याच्या नि लिंबाच्या मोठ्या मुळ्या तोडाव्या लागतील. आई तोवर गप्प होती. ती एवढेच म्हणाली, “भिंत घातली तर मंग म्या कुणासंगं बोलू?”

शेजारच्या काकू आणि आई यांचे बोलणे चाळीस वर्षे त्या कुडावरून चालत आले आहे. दोघी एकमेकींच्या घरी क्वचितच जातात. सणावाराला जातात, दुखण्याखुपण्याला जातात. पण रोजचे बोलणे असते ते पाठीमागून, हातातले काम न सोडता आणि बहुधा एकमेकींकडे न पाहता. मला वाटते, न पाहता बोलण्यामुळेच त्या इतके बोलू शकल्या. समोरासमोर बसून जी गोष्ट ओठांवर येत नाही ती कुडापलीकडे सहज सांगता येते. जात्यावरच्या ओव्या रचणाऱ्या बायकांना हे ठाऊक असणार. दळताना नजर जात्याच्या खुंट्यावर असते आणि म्हणूनच मनातले तोंडी येते.

शेवटी झाडे लावायचे ठरले. पण दाट सावलीत आडोसा वाढवणे हे वाटते तितके सोपे नाही. गावात कुंपण म्हटले की शेर, घायपात, निवडुंग किंवा मेंदी. ही सारी उन्हाची झाडे आहेत. झाडाखाली मेंदी लावली तर ती उजेडाकडे ओढली जाते, वर उंच आणि बुडाशी विरळ होते, आणि आपल्याला तर बुडाशीच दाट हवी असते. शिवाय मोठ्या झाडांच्या मुळ्या आजूबाजूचे पाणी ओढून घेतात. म्हणजे सावली असूनही जमीन कोरडीच राहते. आमच्यासारख्या बेभरवशाच्या पावसाच्या मुलखात ही दुहेरी अडचण आहे. या दोन्हींत तग धरणारे आणि शेळीही सहसा तोंड न लावणारे झाड म्हणजे अडुळसा. तो पावसाळ्यात फाट्यांवर लागतो, म्हणून खर्चही नाही. त्याच्या जोडीला आम्ही कुंती लावली. तिला कोणी कामिनी म्हणतात. ती सावकाश वाढते, पण बारमाही हिरवी राहते आणि अर्ध्या सावलीतही फुलते. मधूनमधून कढीपत्ता घातला, तो आईच्या आग्रहाने.

मृगाचा पाऊस झाल्यावर दोन ओळी लावल्या. रोपांत दोन-दोन फुटांचे अंतर ठेवले आणि एका ओळीतील रोप दुसरीतील मोकळ्या जागेसमोर येईल असे पाहिले. मुळ्या तुटू नयेत म्हणून सलग चर न खणता मुळ्या चुकवून खड्डे घेतले आणि त्यांत शेणखत भरले. पहिल्या उन्हाळ्यात दर दोन रोपांमध्ये एक मडके गळ्यापर्यंत पुरून ते भरत राहिलो. पाणी झिरपत जाते आणि वाया जात नाही. कडुनिंबाच्या दोन खालच्या फांद्या उतरवल्या, तेव्हा कुठे सकाळचा तिरपा उजेड आत आला. सर्वांत अवघड गेले ते रोपे गुडघाभर झाल्यावर त्यांचे शेंडे छाटणे. वाढत्या झाडाला कात्री लावताना हात आखडतो. पण शेंडा खुडल्याशिवाय बुडाशी फांद्या फुटत नाहीत, आणि उंचीची घाई करणाऱ्याच्या वाट्याला विरळ कुंपण येते. तिसऱ्या पावसाळ्याअखेर आडोसा छातीइतका झाला. चौथ्यात तो डोक्यावर गेला.

येथे एक आक्षेप मी स्वतःच घेते, कारण तो घेतल्याशिवाय हा लेख खोटा ठरेल. आडोशाचे कौतुक करणे सोपे आहे, आडोशावर आयुष्य काढणे सोपे नाही. मराठीत शौचाला जाण्यासाठी ‘परसाकडे जाणे’ असा शब्दप्रयोग आहे. परस म्हणजे घरामागची जागा. हिंदीतील ‘टट्टी’ हा शब्दही मुळात ताट्यांच्या आडोशाचाच. दोन्ही भाषांत आडोशाची जागाच त्या क्रियेचे नाव झाली, इतका आडोशाचा आणि देहाच्या गरजेचा संबंध जुना आहे. आणि ज्यांच्या घरामागे परसच नव्हते त्या बायकांना अंधाराची वाट पाहावी लागली. त्यांचा आडोसा म्हणजे रात्र. फाटक्या पोत्याच्या न्हाणीत अंग चोरून अंघोळ करणाऱ्या मुलीला पानांचे काव्य सांगणे हा क्रूरपणा आहे. म्हणून आम्हीही आधी पक्की न्हाणी आणि शौचालय बांधले, विटांचे, आतून कडी असलेले. मुळ्या चुकवून त्याची जागा काढता आली. वहिनीचा हट्ट तिथे पूर्णपणे बरोबर होता. जिथे देह उघडा होतो तिथे भिंतच हवी. प्रश्न उरतो तो बाकीच्या परसाचा, जिथे माणूस उघडे नसते, नुसते आपल्या मनाप्रमाणे असते.

या मधल्या जागेला मराठीत चांगला शब्द नाही, असे म्हटले जाते. ‘प्रायव्हसी’साठी आपण ‘खासगीपणा’ म्हणतो. पण ‘खासगी’ हा शब्द दरबारातून आलेला आहे. राजघराण्याचा स्वतःचा जमाखर्च तो खासगीचा, आणि तो पाहणारे ते खासगीवाले. म्हणजे खासगी असणे ही मुळात मालकीची बाब होती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला, तेव्हा दरबारचा हा शब्द खऱ्या अर्थाने सर्वांच्या घरी आला. त्याचे मोल मोठेच आहे. तरी परसातला जुना शब्द मला अधिक नेमका वाटतो. आडोसा हा मालकीचा नसतो, तो दोघांमधला असतो. त्याला दोन बाजू असतात आणि दोन्ही बाजूंनी तो सारखाच उपयोगी पडतो.

नवल असे की इंग्रजी अमदानीतल्या कायद्यालाही हे दिसले होते. १८८२ च्या सुविधाधिकारांच्या कायद्यात, अठराव्या कलमाखाली, एक उदाहरण दिले आहे. एखाद्या गावात शेजाऱ्याच्या एकांतात बाधा येईल अशी नवी खिडकी पाडू नये अशी रूढी असेल, तर तिथे घर बांधणाऱ्याला तो हक्क मिळतो, आणि तसाच हक्क त्याच्याविरुद्ध शेजाऱ्यालाही मिळतो. १८८८ मध्ये अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने गोकल प्रसाद विरुद्ध राधो या खटल्यात एकांताचा असा रूढीने आलेला हक्क मान्य केला. त्या हक्काचा आधार स्त्रियांचा पडदा हा होता, हे विसरून चालणार नाही. स्त्रीला आत कोंडणाऱ्या रूढीतूनच तिच्यावरची परकी नजर अडवणारा हक्क निघाला. पण कायद्याने वापरलेले तत्त्व लक्षात घेण्यासारखे आहे. माझा एकांत सांभाळण्याचे काम माझ्याइतकेच माझ्या शेजाऱ्याचेही आहे.

भिंत नेमकी ही जबाबदारी संपवते. एकदा ती उभी राहिली की पलीकडच्याने नजर वळवण्याचे कारण उरत नाही आणि माझ्या सभ्यतेचीही त्याला गरज राहत नाही. मराठी समाजाला भिंतींचा अनुभव कमी नाही. ‘गावकुसाबाहेर’ हा एक शब्द उच्चारला तरी आपल्या दलित साहित्याने तिच्याविषयी काय सांगितले आहे ते साहित्याच्या विद्यार्थ्याला आठवेल. कुडालाही जात होती, हे खरे आहे. कोणाशी कुडावरून बोलायचे आणि कोणाशी नाही, हे ठरलेले असे. पण कुडापाशी निदान आवाज पोचत होता, आणि जिथे आवाज पोचतो तिथे भांडण तरी होऊ शकते. ऐकूच न येणाऱ्याशी भांडताही येत नाही.

साहित्य शिकवणाऱ्यांनी या गोष्टीकडे का पाहावे? कारण आपण ज्याला बोली म्हणतो, जिचे ग्रामीण साहित्यासाठी आपण एवढे ऋण मानतो, ती बोली काही सभेत घडलेली नाही. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ ही कादंबरी १९७१ मध्ये आली, तेव्हा एक बाई आपल्या बोलीत आपल्या घराची कथा सांगत होती. असे सांगणे अर्ध्या आडोशाच्या जागी शिकले जाते, असे मला वाटते. जिथे माणूस पुरते उघडेही नाही आणि पुरते एकटेही नाही, तिथे. आपल्या नव्या घरांत सगळे दाखवणारे काचेचे तावदान आहे आणि सगळे तोडणारी भिंतही आहे. मधले काही नाही. अशा घरातल्या मुलांना ताटी माहीत नसेल तर दोष मुलांचा नाही.

आमचा आडोसा आता पुरता भरला आहे. ओट्यावर कोणी बसले आहे की नाही हे आम्हाला कळत नाही, आणि त्यांनाही आमचे दिसत नाही. लावणी करताना आईने एका ठिकाणी दोन रोपांचे अंतर मुद्दाम जास्त ठेवायला लावले होते. मी कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, “वाटी जायला नगं का?” गेल्या दिवाळीत मी परसात उभी होते. त्या फटीतून पलीकडून एक हात आला, चकलीची वाटी ठेवून मागे गेला, आणि मग न दिसणाऱ्या काकूंनी माझ्या नोकरीपासून गुडघ्यांपर्यंत सगळी चौकशी केली. मी अडुळशाच्या पानांकडे पाहत उत्तरे देत राहिले.